आयेचा दिवा आणि भिकाजीचा कागद

भिकाजी फोटोग्राफर रत्नागिरीत दोन गोष्टींसाठी माहीत होता: स्वच्छ फोटो आणि तापट डोकं. विकतचा कागद पावसाळ्यात बुरसटला, तेव्हा साध्या जाड कागदाला मिठाचं पाणी नि वर चांदीचं औषध लावून फोटो छापायचा कागद तो घरीच करू लागला. उजेड लागला की हा कागद काळवंडतो, म्हणून त्यानं खोलीत दिव्याला बंदीच केली. खिडकी किंचित किलकिली ठेवून तेवढ्या उजेडात काम करी. तरी मेला प्रत्येक कागद वाळेपर्यंत राखाडी व्हायचा.

तिन्हीसांजेला घरभर दिवा दाखवायचा आईचा नेम. भिकाजी तिच्यावर खेकसला, तेव्हापासून बिचारी त्याच्या दारावरूनच मागं फिरे.

अशात मालन आली. तिचा नवरा खलाशी. मुंबईहून त्याचं जहाज दूर मुलखाला निघणार होतं. तान्ह्या मुलीचा फोटो भिकाजीनं काचेवर उतरवला होता, पण छापायला कागदच नव्हता.

"दीर उद्या दुपारच्या आगबोटीनं मुंबईला जातोय, भिकाजीदादा. बापसानं अजून पोरीचं तोंड बघलं नाय," मालन म्हणाली.

औषध एकाच कागदापुरतं उरलं होतं. भिकाजी कामाला बसला तोवर दिवस मावळला. अर्धा कागद माखून झाला नि दाराच्या फटीतून आत मिट्ट काळोख बघून न राहवलेली आई दार उघडून दिव्यासकट आत!

"मेल्या, तिन्हीसांजेला काळोखात कसला बसलायस?"

"घात केलास, आये!"

आई जागीच थिजली. भिकाजी डोकं धरून बसला. मग चिडून कागद फेकायला उचलला, तर तो पांढराशुभ्र. पाहत राहिला, तरी काळा पडेना. हळूहळू त्याला उमगलं. कागद नासवत होता खिडकीतला दिवसाचा उजेड. दिसायला मिणमिणता, पण तोच वैरी. तेलाच्या पिवळ्या दिव्याचं कागदाला काहीच वाटत नव्हतं. आणि आपण आईला उगाच दाराबाहेर ठेवलं! त्याला स्वतःची लाज वाटली.

"आये, जाऊ नको. दिवा हितंच धर."

सकाळी तान्हीच्या फोटोच्या काचेखाली तो कागद ठेवून त्यानं उन्हात धरला. कपाळाला आठी, गालाला तीट, अशी मालनची लेक कागदावर उमटली. फोटो पुन्हा काळवंडू नये म्हणून भिकाजीनं तो मिठाच्या दाट पाण्यातून काढून पक्का केला. तो पदराखाली धरून मालन मांडवी बंदराकडे धावत सुटली.

त्या संध्याकाळी आई सवयीनं दाराशीच थांबली. "येऊ काय रे?"

नव्या औषधाची बाटली पुढ्यात ठेवून भिकाजी हातात कुंचला घेऊन कधीचा बसला होता.

"ये की. तुझ्यावाचून काम अडलंय."