काढून ठेवलेली जाळी

मुलीला मुकुटबनकडे कृषी सहायकाची नोकरी लागली, तेव्हाच तिने घरात सांगून टाकलं की स्कूटी नको, मोटरसायकल पाहिजे. गावोगाव बांधावर जायचं, आणि काळ्या मातीत एक पाऊस पडला की स्कूटीची लहान चाकं जागेवरच फिरतात, असं तिचं म्हणणं. खरं होतं ते. पण तोवर तिने सायकलीच्या पुढे काही चालवलं नव्हतं. एका मैत्रिणीच्या भावाची गाडी घेऊन कॉलेजच्या मैदानात काही फेऱ्या मारल्या, तेवढंच.

यवतमाळला शोरूममध्ये आम्ही तिघं गेलो, ती, तिची आई आणि मी. रंगाकडे तिने पाहिलंसुद्धा नाही. एकेका गाडीवर बसायची, दोन्ही टाचा फरशीला टेकतात का पाहायची आणि उतरायची. एक गाडी पसंत पडल्यासारखी वाटली तर तिथल्या विक्रेत्याला म्हणाली, "दादा, जरा आडवी करा हिले. मले एकटीनं उचलून पाहाची आहे."

तो हसला. "ताई, गाडी घ्याले आल्या का कुस्ती खेळाले?"

"तिकडं चिखलात पडली तर तुम्ही येणार आहे का उचलाले?"

त्याने गाडी आडवी केली. तिने मांडी लावून, पाठ न वाकवता ती उभी केली. मी बाजूला उभा राहून पाहत होतो. कौतुक वाटायला हवं होतं. मला मात्र माझी पहिली गाडी आठवत होती.

लग्नाला वर्ष झालं नव्हतं तेव्हा. यवतमाळजवळ लोहाऱ्याच्या एमआयडीसीत मला काम लागलं होतं आणि कळंबजवळच्या आमच्या गावाहून रोज बसने जाणं जमत नव्हतं. गाडी घ्यायला सासऱ्यांना सोबत नेलं, कारण त्यांना गाड्यांमधलं कळायचं. बोलणं कमी, पण बोलले की नेमकं. त्यांनी एका बुटक्या, हलक्या गाडीवर हात ठेवला.

"जवाईबापू, ही घ्या. शिकत्या माणसाचा पाय टेकला पाहिजे पहिले."

मला ती दूधवाल्याची गाडी वाटली. मी उंच, जड, टाकी फुगलेली अशी निवडली. तिच्यावर बसलो की समोरच्या काचेत मी कुणीतरी दिसायचो. पाय मात्र चवड्यावरच टेकायचे. सासऱ्यांनी ते पाहिलं, पण जावयाला दुसऱ्यांदा कसं सांगणार? फक्त मागच्या चाकाजवळची जाळी हाताने हलवून पाहिली आणि म्हणाले, "इले हात लावू नका. माह्यी पोरगी साडी नेसते."

साडीगार्ड म्हणतात त्याला. मागे एका अंगाला बसलेल्या बाईची साडी चाकात जाऊ नये म्हणून लावलेली लोखंडी जाळी. आमच्याकडच्या पोरांना ती तेव्हाही नकोशी वाटायची, आताही वाटते. जाळी म्हणजे म्हाताऱ्याची गाडी. गाडी सासऱ्यांनीच चालवत आमच्या घरी आणून दिली आणि ते बसने परतले. दुसऱ्याच दिवशी मी गोठ्यासमोर पाना घेऊन बसलो. बायको दारात उभी होती.

"काहून काढून राह्यले?"

"चांगली नाही दिसत."

"बाबांनी सांगितलं ना?"

"गाडी तुह्या बाबांची आहे का माह्यी?"

ती आत गेली. जाळी मी कडब्यामागे ठेवून दिली.

नव्या गाडीची पूजा कळंबला चिंतामणीच्या देवळात करायची, हे आमच्या भागात ठरलेलंच. पीक निघालेल्या शेतात मी थोडाफार शिकलो होतो. एकट्याने जमायचं. मागे माणूस बसवून चालवलं नव्हतं, हे कुणाला सांगितलं नाही. चतुर्थीला निघालो. तिने लग्नातली भरजरी साडी नेसली होती, मांडीवर नारळ आणि हारांची पिशवी. एक हात पिशवीला, दुसरा माझ्या खांद्याला. साडी सावरायला तिसरा हात कुठून आणणार?

कळंबच्या अलीकडे एक चढ आहे. तिथे ती ओरडली, "थांबा! साडी!"

इथे एक गोष्ट लिहितो, जी मी शोरूममध्येही सांगितली नाही. मला ऐकू आलं होतं. पहिल्याच हाकेला आलं होतं. पण चढावर थांबायचं म्हणजे पाय टेकवावा लागणार आणि माझा पाय पुरत नव्हता. गाडी मागे सरकेल, आपण पडू, लोक हसतील, एवढंच डोक्यात आलं. वाटलं, चढ संपवू आणि सपाटीला थांबू. चढ संपलाच नाही. खांद्यावरचा हात सुटला आणि गाडी एकदम हलकी झाली.

डाव्या कोपराचा चुरा झाला होता. यवतमाळला दवाखान्यात तिचं ऑपरेशन झालं. त्या रात्री सासूबाई तिच्याजवळ थांबल्या आणि मी कपडे आणायला गावी आलो. गाडी गावातल्या पोरांनी घरी आणून ठेवली होती. सकाळी सासरे आधी आमच्या घरी येणार होते, आणि ते पहिले गाडीच पाहणार हे मला ठाऊक होतं. उजाडल्यावर मी कडब्यामागून जाळी काढली आणि परत बसवली. नट घट्ट आवळले. त्यांना आधीपासूनचीच वाटावी म्हणून तिच्यावर धूळ चोळली. हेही मीच केलं.

ते आले, गाडीजवळ उकिडवे बसले, जाळी हलवून पाहिली. दवाखान्यात गेल्यावर पलंगावर पडलेल्या मुलीला म्हणाले, "जाळी साबूत आहे, माय. पाहून आलो मी. जाळीवरून कशी गेली साडी? ध्यान कुठं होतं तुह्यं?"

तिने माझ्याकडे पाहिलं. मी सलाईनच्या बाटलीकडे पाहत होतो.

तो हात पुन्हा डोक्यापर्यंत गेला नाही. एका हाताने वेणी घालता येत नाही. माझी आई रोज सकाळी तिची वेणी घालून द्यायची आणि घालताना म्हणायची, "आमच्या नशिबी बेध्यान सून." आई गेल्यावर ते काम मुलीकडे आलं. माहेरी कुणाचं तान्हं तिच्या मांडीवर द्यायचं झालं तर लगेच कुणीतरी म्हणायचं, "तिच्याजवळ नको, तिचं ध्यान नसते." लग्नात ओवाळायला जायची तर निरांजनाचं ताट तिच्या हातातून कुणीतरी काढून घ्यायचं. ती हसून देऊन टाकायची. गाडीवर मात्र पुन्हा कधी बसली नाही. माझ्या नाही, कुणाच्याच नाही.

आणि मी? मी चांगला नवरा म्हणून ओळखला जातो. बायको अधू झाली तरी तिला काही बोलला नाही, म्हणून.

शोरूममध्ये मुलीची गाडी ठरली. विक्रेत्याने पाना हातात घेत विचारलं, "ताई, साडीगार्ड काढून देऊ का? आता कोणी ठेवत नाही. गाडी पाहा मग कशी दिसते."

"काढा. मी कुठं साडी नेसते?"

तिची आई म्हणाली, "राहू दे."

मुलगी हसली. "आई, बाबांच्या त्या गाडीले तर होती ना जाळी? तरी पडलीच तू. मग उपयोग काय तिचा? उलट मीच सांभाळून नेईन तुले. दर रविवारी फिरवीन, पाहा."

त्याने पहिला नट सैल केला. मी म्हणालो, "नव्हती."

"काय नव्हती?"

"जाळी नव्हती. मी काढली होती. तुह्ये आबाजी येणार म्हणून दुसऱ्या दिवशी परत बसवली."

विक्रेता पाना खाली ठेवून काउंटरकडे गेला. मुलगी माझ्याकडे नाही, आईकडे पाहत होती.

"तुले माहीत होतं?"

"काढली तेव्हा मी दारातच होती."

"मग आबाजींले काहून नाही सांगितलं?"

"वाटे, हेच सांगतीन. आज सांगतीन, उद्या सांगतीन." ती सीटवरून हात फिरवत होती, उजवा. "मी सांगितलं असतं तर भांडण झालं असतं. यांनी सांगितलं असतं तर माह्या बाबांनी मले जवळ घेतलं असतं. मले ते पाहिजे होतं."

सासऱ्यांना जाऊन आता बराच काळ झाला. शेवटच्या आजारपणात ही त्यांना पाणी पाजायला वाकली तेव्हा त्यांनी खुणेने भांडं मोठ्या सुनेकडे द्यायला सांगितलं होतं. मी तिथेच उभा होतो. तेव्हाही बोललो नाही.

मुलीने जाळी ठेवून घेतली. गाडी नोंदणी झाल्यावर मिळणार होती. परत येताना बसमध्ये मायलेकी एका बाकावर बसल्या, मी मागे. घरी आल्यावर मी मेव्हण्याला फोन लावला, हिच्या थोरल्या भावाला. ती समोर पालक निवडत होती. तिला ऐकू जावं म्हणून स्पीकर सुरू केला आणि एका दमात सगळं सांगितलं. जाळी, पाना, धूळ.

तो हसला.

"भाऊजी, तुमचा सोभाव मालूम आहे मले. इतक्या वर्षांनी बी तिच्यावरचं घेऊन राह्यले अंगावर? आमच्या बाबांनी सोता पाहिली होती जाळी."

"मी बसवली होती ती. खरं सांगून राह्यलो."

"जाऊ द्या ना बाप्पा. तिचं ध्यान नसतेच, आमाले नवीन आहे काय? तुमच्यासारखा माणूस भेटला म्हणून निभलं तिचं."

मी शपथ घेतली. तो आणखीच हळवा झाला. म्हणाला, असा जावई आमच्या घराला मिळाला, बाबांचं पुण्य. फोन ठेवला. मग मी धाकट्या मेव्हण्याला लावायला घेतला.

"नका लावू," ती म्हणाली.

"काहून? त्याले तरी कळू दे."

"काय कळन? तुम्ही जितकं सांगान तितके तुम्ही मोठे होसान, अन् मी तशीच राहीन."

तिने निवडलेली भाजी उजव्या हाताने ताटात ओढली. डावा हात मांडीवर होता, नेहमीसारखा वाकलेला. मी फोन खाली ठेवला. तिच्या माहेरच्यांच्या तोंडी जो माणूस मी आहे, तो मी नाही, हे कुणी ऐकून घेईना, म्हणून हे लिहिलं. यावरही ते हेच म्हणतील, याची मला भीती आहे.