कौसाक्काच्या गिरणीतली डिक्शनरी

कौसाक्का गेल्याचा निरोप आला तेव्हा मी नववीवर इंग्रजी शिकवत होते. तास सोडून धावले. दहाव्याला पुन्हा गेले, तर गिरणीच्या दारात फ्लेक्स... ‘अक्षरओळख नसतानाही संसार उभा करणारी माउली’. तळपायाची आग मस्तकात गेली. अक्षरओळख नाही? आक्काला?

भावाला शिकवायचं म्हणून सातवीत हिची शाळा तोडली. भाऊ बी.ए. झाला आणि जाडजूड इंग्रजी डिक्शनरी माळ्यावर टाकून मोकळा. आक्कानं ती घाटनांदूरच्या आपल्या या गिरणीत आणली. दळण चालू असताना एकेक अक्षर लावत वाचायची. मोठे शब्द तिला नकोत. “लांबड्याला एकच अर्थ गं बाई. ह्या बुटक्यांची बघ, एकेकाची चार-चार घरं!” दळणाच्या नंबराच्या पाटीवर रोज एक शब्द लिहायची, मी दळण घेऊन गेले की समजावायची. “मील म्हंजी जेवण आन् मील म्हंजी भरडलेलं पीठबी. दिसायला जुळे, पर आया येगळ्या. जेवणाच्या मुळाशी ठरलेली येळ, पिठाच्या मुळाशी दळणं.” मी एम.ए. इंग्रजी, मला हे ठाऊक नव्हतं! एकदा म्हणाली, “लेडी म्हंजी मुळात भाकरीचं पीठ मळणारी. मंग हितं समद्या लेडीच की!” डबे घेऊन बसलेल्या बाया पोट धरून हसल्या.

फ्लेक्स कुणी केला म्हणून भावाला विचारलं. “मीच. तिला कुठं काय येत होतं म्याडम?”

“तुमची डिक्शनरी कुठाय?”

“पडली आसंल गिरणीत. न्या तुमी, हितं कोन वाचतंय?”

चार शब्द सुनावावेत म्हणून तोंड उघडलं आणि मिटलं. मील, लेडी मी वर्षानुवर्षं वर्गात सांगत आले, कौतुक खुशाल पदरात घेतलं. आक्काचं नाव एकदाही नाही. त्यानं तिचं शिकणं निदान फ्लेक्सवर उघड पुसलं, मी गुपचूप पुसलं. लाज वाटली स्वतःची.

काल ती डिक्शनरी नववीत नेली. पानांच्या बेचक्यात अजून ज्वारीचं पीठ आहे. लेडीचं पान उघडून सांगितलं, “पोरींनो, हे मला कौसाक्कानं शिकवलं.”

मागच्या बाकावरची एक म्हणाली, “आमाला ठाव हाय म्याडम. दळण घेऊन आमीच जात होतो की.”