पाठीच्या मापाची गाडी

माझा मोठा भाऊ गजाननअण्णा गाडीवरून पडून गेला नाही. हे सगळ्यात आधी लिहिते, कारण त्याला जाऊन दीड महिना होत आला तरी लोक मला रस्त्यात, बँकेच्या काउंटरवर, परवा तर एका लग्नाच्या पंगतीत गाठून विचारतात, "अक्का, स्पीडमध्ये होते का हो?" अण्णा गेला तो बंगळुरात चामराजपेटेतल्या आमच्या शिलाईच्या दुकानात. कापायच्या टेबलाशी उभा होता, गळ्यात टेप, हातात खडू. छातीत दुखतंय म्हणाला, खुर्चीवर बसला आणि... संपलं. मी बँकेत असते, मला बनशंकरीच्या शाखेत फोन आला. मी रिक्षाने पोचले तेव्हा त्याची ती लाल गाडी दुकानासमोर मधल्या स्टँडवर उभी होती आणि तिच्या सीटवर कुणीतरी पाण्याचा तांब्या ठेवला होता. तिच्या अंगावर साधा ओरखडासुद्धा नव्हता.

मग ही अफवा आली कुठून? ती आली शोरूममधून, जिथे ती गाडी घेतली होती तिथून. नाव लिहीत नाही, लिहायची इच्छा फार आहे. आमच्या शेजारच्या पिठाच्या गिरणीचा रंगप्पा आपली स्कूटर घेऊन तिथे गेला होता. तिथल्या सर्व्हिस मॅनेजरने हळहळून त्याला सांगितलं, "शॉकअपशी स्वतःच खेळायचे ना ते, किती वेळा सांगितलं होतं." उचलली जीभ लावली टाळ्याला. माणूस मेला हृदय बंद पडून आणि दोष कुणाचा, तर त्याने आपल्या हाताने फिरवलेल्या शॉकअपच्या एका कड्याचा. ज्यांनी माझ्या वहिनीला तीन आठवडे अंथरुणाला खिळवलं, तेच आता अण्णाच्या नावाने मान हलवताहेत. म्हणून हा लेख. अण्णा किती प्रेमळ होता वगैरे पुढे जमलं तर लिहीन. तो तसा फारसा प्रेमळ नव्हताच, भांडखोर होता, आणि त्याची सगळी भांडणं बरोबर होती असंही नाही. पण हे भांडण बरोबर होतं.

गाडी घेतली तेव्हा अण्णा पन्नाशीला टेकला होता. आमची घरं बंगळुरात पिढ्यान्‌पिढ्यांची, हाडाच्या शिंप्यांची. अण्णाचा हात कोटावर बसलेला आणि स्वतःही तो कोट घातल्याशिवाय दुकानाबाहेर पाऊल टाकत नसे. असा माणूस एक दिवस बुटकं हँडल, उंच शेपटी असलेली, 'स्पोर्ट' असं टाकीवर लिहिलेली लाल मोटरसायकल घेऊन दारात उभा राहिला. मी हसून हसून बेजार झाले. म्हटलं, "अण्णा, पोरींच्या कॉलेजवरून चकरा मारणार का?" तो म्हणाला, रंग बघ, शिलाई बघ. सांध्यांना तो शिलाईच म्हणायचा. सुधावहिनीने गाडीला हळदकुंकू लावलं आणि पदर खोचून मागे बसली. वहिनी बनशंकरीच्या एका शाळेत गणित शिकवते. रोज सकाळी तिला शाळेत सोडायचं आणि दुपारी आणायचं, हा अण्णाचा लग्नापासूनचा नेम होता. गाड्या बदलल्या, नेम बदलला नाही.

पुढच्याच वर्षी वहिनी शाळेच्या जिन्यावरून घसरली आणि तिच्या कमरेचा मणका दुखावला. डॉक्टर म्हणाले, चाला, बसा, शिकवा, पण हिसका बसता कामा नये. आता बंगळुरात हिसका न बसता चामराजपेटेहून बनशंकरीला जायचं कसं ते डॉक्टरांनी सांगितलं नाही. बसमध्ये उभं राहणं शक्य नव्हतं. रिक्षाची चाकं एवढीशी, प्रत्येक खड्ड्यात पूर्ण उतरून वर येणार. एकदा रिक्षाने गेली ती शाळेच्या फाटकात रडत उतरली. गाडी विकून स्कूटर घे, असं सगळ्यांनी अण्णाला सांगितलं. तो म्हणाला, स्कूटरचं चाक तरी कुठे मोठं आहे? हिचं चाक मोठं आहे, फक्त ही आपल्या अंगाची नाही, हिला आल्टर करावं लागेल. मुख्याध्यापिका बाई चांगल्या होत्या, पण त्यांनीही एकदा सुचवून पाहिलं की सुधाबाईंनी आता घरीच शिकवण्या कराव्यात. त्या दिवशी वहिनी घरी येऊन न जेवताच वह्या तपासत बसली. तिला मूलबाळ नाही. शाळा हेच तिचं सगळं होतं, हे अण्णाला माहीत होतं.

तेव्हा अण्णा त्या गाडीच्या मागे लागला. मागच्या दोन शॉकअपना खाली एकेक कडं असतं, त्याला पाच खाचा. टोकाला आकडा असलेल्या पान्याने कडं फिरवलं की स्प्रिंग आवळते किंवा सैल होते. पाना गाडीबरोबरच येतो, सीटखाली पडून असतो आणि तो कशासाठी आहे हे शंभरातल्या नव्वदांना ठाऊक नसतं. अण्णाने पहिल्याच फटक्यात शिंपी असून गिऱ्हाइकाची चूक केली. पाठ दुखतेय ना, मग सैल कर, असा सरळ हिशेब करून त्याने दोन्ही कडी पार खालच्या खाचेवर आणली आणि वहिनीला घेऊन निघाला. पहिल्याच उंचवट्यावर शॉकअप तळाला जाऊन आदळले आणि वहिनीच्या तोंडून जो आवाज आला तो ऐकून अण्णाने तिथेच गाडी थांबवली. तो नंतर मला म्हणाला, "मी मूर्ख गं. सैल कोट म्हणजे आरामाचा कोट, असं गिऱ्हाइकाला वाटतं. मला कसं वाटलं?"

मग त्याने आपल्या पद्धतीने सुरुवात केली. गाडीच्या लाल पत्र्यावर शिंप्याच्या खडूने खूण करायची. रंगप्पाने हँडल धरून गाडी सरळ उभी करायची. चाकाच्या मध्यापासून खुणेपर्यंत टेपने माप घ्यायचं, मग स्वतः बसून, मग वहिनीला मागे बसवून, पुन्हा माप... गाडी किती खाली बसते ते बघायचं. फार बसली तर एक खाच आवळायची, बसलीच नाही तर एक सोडायची. रस्त्यावरची माणसं जमून बघत. वहिनी लाजेने लाल होत असे, पण उतरत नसे. शेवटी खाच ठरली. शाळेच्या फाटकात वहिनीला उतरवलं की अण्णा कोटाची बाही सावरत तिथेच उकिडवा बसायचा आणि एकट्यापुरती कडी सैल करायचा. दुपारी न्यायला आला की पुन्हा आवळायची. मुली फिदीफिदी हसायच्या. पुढच्या चाकाला धरणाऱ्या काट्यांमधलं तेल फार जाड होतं म्हणून हात ताठ बसायचे, तर तेही बदलून पातळ घातलं. वहिनी बनशंकरीला पोचून सरळ फळ्यासमोर उभी राहू लागली. मुख्याध्यापिका बाईंनी घरच्या शिकवण्यांचं नाव पुन्हा काढलं नाही.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. मग सर्व्हिसिंग आलं. गॅरंटी टिकवायची तर गाडी शोरूमलाच न्यायची असते. अण्णाने गाडी देताना मेकॅनिकला, मॅनेजरला, काउंटरवरच्या मुलीलासुद्धा सांगितलं, बाकी काय हवं ते करा, शॉकअपला हात लावू नका. संध्याकाळी गाडी आली ती धुऊनपुसून, खडूची खूण गायब आणि दोन्ही कडी पाचव्या, म्हणजे सगळ्यात आवळलेल्या खाचेवर. पुढचं तेलही बदललेलं, पुन्हा जाड. अण्णाने बिल न वाचता सही केली होती, पैसे नंतर आणून देतो म्हणाला होता, कोटाचं गिऱ्हाईक वाट बघत होतं. सकाळी नेहमीसारखे दोघं निघाले. मागच्या चाकाखालून दगड गेला तरी पाठीत हातोडा बसावा अशी ती गाडी झाली होती. वहिनीने शाळेपर्यंत दात आवळून धरले आणि फाटकात उतरताना ती उभीच राहू शकली नाही. चपराश्याने आणि अण्णाने तिला उचलून रिक्षात आडवं घातलं. तीन आठवडे. परीक्षेचे दिवस होते आणि तिच्या वर्गावर दुसऱ्या बाई आल्या.

अण्णा शोरूमला गेला तेव्हा मी बरोबर होते, तो कुणाच्या अंगावर जाऊ नये म्हणून. झालं उलटंच, मलाच आवरावं लागलं. मॅनेजर थंडपणे म्हणाला की दोन माणसं बसतात असं सर्व्हिसच्या कार्डावर लिहिलंय, दोन माणसांना पाच नंबर, कंपनीच्या चार्टप्रमाणे. कुठली दोन माणसं? पैलवान की माझी मुठीएवढी वहिनी? ते चार्टमध्ये नव्हतं. मग आम्ही बिल वाचलं. जे करू नका म्हणून सांगितलं होतं, त्याचीच मजुरी लावली होती. कड्यांची वेगळी, पुढच्या तेलाची वेगळी. आकडा लिहीत नाही. एवढंच सांगते की तेवढ्या मजुरीत अण्णा एक पँट कापून, शिवून, इस्त्री करून देत असे, आणि कडी फिरवायला लागतो एक पाना आणि पाच मिनिटं. अण्णाने विचारलं, आता पूर्वीसारखं करून देता ना? तर म्हणे, देतो की सर, नवीन कार्ड करावं लागेल, मजुरी तीच. चोर तो चोर, वर शिरजोर.

अण्णा तेव्हा ओरडला नाही, याचं मला अजून नवल वाटतं. तो काउंटरवर दोन्ही हात टेकून म्हणाला, "कोट मी शिवतो. बाही लांब झाली म्हणून माणूस परत आला, तर बाही कमी करायचे मी पैसे मागू? आमच्यात ट्रायलचे पैसे घेत नाहीत. घेतले तर बापाने दुकानात पाय ठेवू दिला नसता. तुम्ही गाडी माणसाला बसवत नाही, माणसाला गाडीत बसवता, आणि वर त्याची शिलाई मागता." मॅनेजर म्हणाला, "सर, चार्टमध्ये आहे तेवढंच." मागे दोन मुलं हसली. आम्ही राहिलेले पैसे भरले, कारण भरल्याशिवाय आत घेतलेली गाडी बाहेर सोडत नव्हते. बाहेर येऊन अण्णाने फुटपाथवरच कोट काढून माझ्या हातात दिला आणि पान्याने कडी मूळच्या खाचेवर आणली. त्यानंतर गाडी तिथे एकदाच गेली, पुढच्या काट्यातून तेल गळायला लागलं तेव्हा. त्यांनी कार्डावर 'बाहेर छेडछाड' असं लिहून गॅरंटी नाकारली. ही ती छेडछाड, जिच्यामुळे म्हणे माझा भाऊ मेला. त्या छेडछाडीवर माझी वहिनी पुढे तीन वर्षं रोज शाळेत गेली.

अण्णाचे दिवस झाले आणि नातेवाईक गाडीकडे वळले. विकून टाका, नवऱ्याचा जीव घेतला त्या गाडीने. पुन्हा तेच. कुणीतरी शोरूमला विचारूनही आलं. ते घ्यायला तयार होते, फक्त शॉकअप 'स्टँडर्ड' करून घ्यावे लागतील आणि त्याची मजुरी किमतीतून वजा होईल. हे ऐकून मी जे बोलले ते रविवारच्या पुरवणीत छापता येणार नाही. वहिनी कोपऱ्यात बसून ऐकत होती. ती म्हणाली, "ती माझ्या पाठीच्या मापाची आहे. दुसऱ्याला कशी बसेल?" आणि मग मला एवढंच विचारलं, "मंगल, तुला येते ना गं चालवायला?"

येते. लग्नाआधी अण्णानेच आपल्या जुन्या मोटरसायकलवर शिकवली होती, आईच्या शिव्या खात. पण त्याला तेवीस-चोवीस वर्षं झाली. वहिनीची रजा संपत होती आणि एकदा शाळा सुटली की सुटली, हे आम्हा दोघींनाही कळत होतं. रविवारी मी सलवार-कमीज घालून मैदानावर चार चकरा मारल्या, दोनदा बंद पाडली. अडचण वेगळीच होती. मी अण्णाहून बरीच हलकी. कडी होती अण्णा-वहिनीच्या वजनाच्या खाचेवर, ती आम्हा दोघींना ताठ पडणार. दुकानासमोर मी पाना घेऊन बसले. डावं कडं सुटलं, उजवं हलेना. रंगप्पा म्हणाला, "अक्का, याके तोंदरे, शोरूममध्ये देऊन या ना, कशाला त्रास करून घेता?" मी मान वर करून बघितल्यावर तो गिरणीत निघून गेला. तळव्याला फोड आला तेव्हा कडं फिरलं. दोन्हीकडे एकेक खाच सोडली, अंदाजाने. बरोबर की चूक, सांगणारं कुणी नव्हतं.

सोमवारी निघालो. वहिनीने अण्णाच्या कोटाला धरावं तशी माझी ओढणी मुठीत धरली होती. मी खड्डे चुकवत, मागच्या हॉर्नांना मनातल्या मनात शिव्या देत, सायकलच्या वेगाने गाडी नेत होते. एका उंचवट्यावर मी कान मागे लावले. काही ऐकू आलं नाही. पुढच्या खड्ड्याला मागून वहिनीचं बारीक 'स्स' झालं. शाळेच्या फाटकात मी दोन्ही पाय टेकून थांबले. वहिनी सावकाश उतरली, कमरेवर हात ठेवून क्षणभर उभी राहिली, मग हात काढला. मला वाटलं आता ती रडणार, मी तर आधीच रडत होते. तिने पिशवी खांद्याला लावली, वाकून मागच्या चाकाकडे बघितलं आणि अण्णाला सांगायची तशाच सुरात म्हणाली, "पुढचं बरं आहे. मागे अजून एक खाच सोड. दुपारी साडेतीनला ये."