पापणीवरचे दोन पिवळे ठिपके

“हे ठिपके कधीपासून आहेत?” चष्म्याचा नंबर काढता काढता सांगलीच्या डॉक्टरांनी विचारलं. माझ्या दोन्ही पापण्यांवर, नाकाच्या बाजूला, पिवळसर फुगीर ठिपके होते. मला ते उन्हाचे वाटायचे. कोलेस्टेरॉल साचूनही असे ठिपके येतात, म्हणून त्यांनी रक्त तपासायला पाठवलं.

एलडीएल, म्हणजे रक्तवाहिनीत थर धरणारं कोलेस्टेरॉल, दोनशे अडुसष्ट! असायला हवं शंभराच्या आसपास. मी आटपाडीला शाळेत शिकवते. अंगानं काडी. तळलेलं क्वचित खाते.

फिजिशियन बाईंनी विचारलं, “घरात कमी वयात कुणाला हार्टचा त्रास?”

वडील चव्वेचाळिसाव्या वर्षी बसल्या जागी गेले होते.

“मग हे आनुवंशिक असणार. भावंडांनाही तपासा.”

मला स्टॅटिन सुरू झालं. ही गोळी लिव्हरला कोलेस्टेरॉल कमी बनवायला लावते. दहाव्या दिवशी पोटऱ्या ठणकायला लागल्या. घाबरून मी गोळी परस्पर बंद केली. तुम्ही असं करू नका. बाई चांगल्याच रागावल्या. स्नायूंना इजा झाली का हे सांगणारी सीपीके तपासणी केली, ती नॉर्मल आली. गोळी बदलली आणि पाय ठणकायचे थांबले.

धाकटा भाऊ संभाजी फौजेतून रिटायर होऊन पाटणला राहतो. फोनवर म्हणाला, “आगं ताई, मी रोज पळतोय. मला काय धाड भरलीय?”

रविवारी एसटीनं पाटण गाठलं आणि त्याला हाताला धरून लॅबमध्ये नेलं. एलडीएल तीनशे बारा. पुढच्या तपासण्या साताऱ्याला झाल्या. अँजिओग्राफी, म्हणजे हृदयाच्या वाहिन्यांचं चित्र, काढेपर्यंत मी बाहेरच्या बाकावर बसून होते.

डॉक्टर बाहेर आले. “एका वाहिनीत थर आहे, पण स्टेंटची जाळी बसवावी लागणार नाही. गोळ्यांवर भागेल. वेळेत आणलंत.”

मी त्या अनोळखी माणसाच्या पायाच पडणार होते!

तीन महिन्यांनी माझं एलडीएल चौऱ्याण्णव आलं. स्टाफरूममध्ये मी अक्षरशः उडी मारली. संभाजीला स्टॅटिनच्या जोडीला इझेटिमाईब होतं. ही गोळी आतड्यातून कोलेस्टेरॉल शोषू देत नाही. त्याचंही निम्म्याच्या खाली आलं.

मग त्यानं आपणहून अकरा वर्षांच्या लेकीचं रक्त तपासायला दिलं. संध्याकाळी फोन आला तेव्हा तो ओरडतच होता, “ताई, नॉर्मल हाय! पोरीत उतरलं न्हाई गं!”

तुमच्या रिपोर्टात असा आकडा निघाला, तर डॉक्टर देतील ती गोळी घ्याच. आणि त्याच दिवशी भावंडांना फोन लावा. नाही म्हणाली, तर एसटी पकडा.