झाडूगाडीत न बसलेली डिम्फ्ना

मेयो परगण्यातल्या आमच्या बालीनारा गावात निम्म्या लोकांच्या डोक्यावरून डिम्फ्ना गिब्लिनचा हात फिरलेला आहे. घराच्या पुढच्या खोलीत ती केस कापते. दर जूनमध्ये बंदरावरच्या जीवरक्षक नावेसाठी देणग्या गोळा करायला गावची मंडळी सायकलवरून चार दिवसांच्या फेरीला निघतात, तेव्हा त्यांच्या मागून गाडी हाकायचं कामही वर्षानुवर्षं तिचंच. त्या गाडीच्या पाठीला एक झाडू बांधलेला असतो. दमलेले, पडलेले, रडकुंडीला आलेले असे सगळे वाटेवरून झाडून गोळा करायचे आणि त्यांना चहा-सँडविच द्यायचं. मात्र कायदा कडक. गाडीत एकदा बूड टेकलं, की फेरी पूर्ण केली असं म्हणायची सोय नाही.

सगळ्या गावाच्या पाठी बघून बघून डिम्फ्ना विटली होती. अठ्ठावन्नावं वर्ष लागलं आणि तिनं गाडीच्या किल्ल्या धाकट्या भावापुढं, मॅलाकीपुढं आपटल्या.

"या वर्षी तू हाक. मी सायकलवर."

"तू? अगं, जिना चढताना तुला धाप लागते!"

"लागू दे. तुझ्या गाडीत मी बसणार नाही."

"आणि बसलीस तर?"

"तर मरेपर्यंत तीच गाडी चालवीन आणि चकार शब्द काढणार नाही."

"सगळ्यांनी ऐकलं ना रे?" मॅलाकी दारूच्या गुत्त्यात ओरडला. सगळ्यांनी ऐकलं होतं.

आणि काय सांगू, बाई सुटलीच! गादी शिवलेली चड्डी घालून, पहिल्या दिवशी वाऱ्याला शिव्या देत, दुसऱ्या दिवशी गाणी म्हणत. जी शेतं तिनं इतकी वर्षं काचेतून पाहिली होती, त्यांचा वास तिला आता येत होता. कापलेलं गवत, मेंढ्या, चुलीत जळणाऱ्या पीट-मातीचा धूर. मांड्या पेटल्या होत्या, पण तोंडावरचं हसू हटत नव्हतं. मागून मॅलाकी भोंगा वाजवी, "चहा गरम आहे गं!" म्हणून खिजवी. ती मागं वळूनही पाहत नसे.

शेवटच्या दिवशी मात्र तिचा घात केला तिच्या चांगल्या वळणानं.

आमच्याकडं रस्त्यात समोरून येणाऱ्याला स्टिअरिंगवरचं एक बोट उचलून दाखवायचं असतं. ओळख असो नसो. नाही दाखवलं, तर संध्याकाळपर्यंत गावभर होतं, हिचं काय बिनसलंय म्हणून. उतारावर डिम्फ्ना भन्नाट वेगात होती आणि समोरून फेस्टी मोराहनचा ट्रॅक्टर आला. सायकलवरून एक बोट काय दिसणार? म्हणून तिनं अख्खा हात उचलला. दुसऱ्या हातानं ब्रेक करकचला. सायकल आडवी झाली आणि बाई थेट चरात, खाजकुयलीसारख्या चावऱ्या पाल्यात.

मॅलाकी धावत आला. हातपाय शाबूत आहेत हे पाहिलं आणि मग त्याच्या चेहऱ्यावर हसू फुटलं. पुढचं चाक पार जिलबी झालं होतं. त्यानं गाडीचं दार उघडलं. आत सीट होती, थर्मास होता, झाडूची सावली होती.

"बस आता. पुष्कळ झालं."

डिम्फ्नाला खरंच रडू आलं. गाव टेकडीच्या पलीकडंच होतं. आता बसायचं म्हणजे जन्मभर त्याच सीटवर बसायचं.

इतक्यात ट्रॅक्टर उलटा मागं येत थांबला. फेस्टीचा चेहरा पडला होता.

"मला हात केलास म्हणून पडलीस ना?"

"मग काय, तोंड फिरवून जाऊ?" ती खेकसली. "आणि डोक्यावर हे काय जंगल माजवलंयस? कात्र्या संपल्या का जगातल्या?"

"आमच्या आईची सायकल आहे गोठ्यात," फेस्टी म्हणाला. "गिअर नाहीत. वजनाला वासराएवढी. चालेल?"

"फेस्टी, तुझे केस मी जन्मभर फुकट कापीन!"

"हे कायद्यात बसत नाही," मॅलाकी म्हणाला.

"मी गाडीत बसले नाही, एवढंच कायद्याला पुरे."

फेस्टीनं आणून दिलेली ती काळी, अवजड सायकल टेकडीवर चढवताना डिम्फ्नानं एकाही संताला हाक मारायची बाकी ठेवली नाही. जिथं पाय संपले, तिथं उतरून ढकलली. माथ्यावर सगळी टोळी तिची वाट बघत थांबली होती, कारण गावात शिरायचं ते सगळ्यांनी मिळूनच. तिला पाहून एकच कल्ला झाला. "डिम्फ्ना पुढं! डिम्फ्ना पुढं!"

आणि बंदराकडचा तो उतार! दोन्ही कडेला गाव उभं, नावेवरची माणसं टोप्या उडवतायत, पोरं ओरडतायत, जो तो हात हलवतोय. डिम्फ्नाचं काळीज आनंदानं फुटायच्या बेतात होतं. मॅलाकी गाडी दामटत तिच्या बरोबरीला आला. त्यानं डोळे पुसले आणि स्टिअरिंगवरचं एक बोट उचललं, अगदी मानानं.

डिम्फ्नानं दोन्ही हातांनी हँडल गच्च धरून ठेवलं आणि हनुवटीही न हलवता पुढं निघून गेली. एवढा उद्धटपणा तिनं आयुष्यात पहिल्यांदाच केला, आणि तो तिला फार फार आवडला.