हात दिसतील अशी जागा

माझे दोन्ही हात हवेत होते आणि पडद्यावरची बाई रडायला लागली होती.

ती एका दवाखान्यात डॉक्टरांसमोर बसली होती. मी वर्ध्यात, पिपरी मेघेतल्या आमच्या घरी, बेडरूमच्या भिंतीला पाठ लावून. त्या बाईंना जन्मापासून ऐकू येत नाही. डॉक्टर जे बोलतील ते मी ऐकायचं आणि हातांनी बाईंना सांगायचं, बाई हातांनी जे सांगतील ते मी डॉक्टरांना बोलून सांगायचं. हेच माझं काम. सांकेतिक भाषेची दुभाषी. पूर्वी यासाठी दुभाष्याला दवाखान्यात जाऊन उभं राहावं लागे. आता आमचं ऑफिस पुण्यात, पेशंट तिसऱ्याच गावात आणि मी घरी लॅपटॉपसमोर, असं चालतं.

डॉक्टर म्हणाले होते, "ऑपरेशनची गरज नाही."

आमच्या सांकेतिक भाषेत नकार वाक्याच्या शेवटी येतो, मराठीत येतो तसाच. मी 'ऑपरेशन'ची खूण केली, 'गरज'ची केली, आणि नेमकं तिथे माझं चित्र पलीकडे गोठलं. 'नाही' पोचलंच नाही. मला त्या स्पष्ट दिसत होत्या. त्यांना मात्र मी दिसत होते ती 'ऑपरेशनची गरज'वर अडकलेली. मी पुन्हा पुन्हा 'नाही'ची खूण करत होते, तोंडानेही मोठ्याने बोलत होते, आणि तिकडे काहीही पोचत नव्हतं. डॉक्टर बिचारे बाईंच्या पाठीवर हात ठेवून गोंधळून उभे.

फोनच्या इंटरनेटवरून परत जोडून घ्यायला मला चार-पाच मिनिटं लागली. मग सगळं नीट सांगितलं. बाईंनी डोळे पुसले, मला हात जोडले. डॉक्टरांनी जोडले नाहीत. त्यांनी आमच्या ऑफिसला तक्रार केली आणि ती अगदी रास्त होती.

संध्याकाळी मीनल मॅडमचा फोन आला. त्या आमच्या सुपरवायझर.

"दवाखान्याचे कॉल तुला सध्या बंद," त्या म्हणाल्या. "दोन आठवडे देते. नीट जागा शोध. बंद खोली, साधी भिंत, न तुटणारं नेट. मग आम्ही ऑनलाइन तपासणी करू."

"आणि नाही मिळाली तर?"

"तर पुण्याच्या सेंटरला ये. इथे तुझ्यासाठी केबिन तयार आहे."

माझी मुलगी दहावीत. नवऱ्याचं वर्ध्यात हार्डवेअरचं दुकान. पुण्याला जायचं म्हणजे मी एकटीनेच जायचं. मुलीने जेवताना विचारलं, "तू खरंच जाणार का?" मी म्हटलं, बघू. तिने अर्धी पोळी ताटात तशीच ठेवली, आणि तेच मला जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी मी माझ्या मोठ्या भावाला व्हिडिओ कॉल लावला. गजूभाऊ रोहण्याला असतो. त्याचं तिथे मोटारी बांधायचं दुकान आहे. विहिरीवरचे जळालेले पंप येतात, तो त्यांची तार उकलून नवी गुंडाळतो. त्याला ऐकू येत नाही. मी ही भाषा कुठल्या कोर्समध्ये शिकले नाही, लहानपणी त्याच्याशी भांडताना शिकले. कोर्स आणि सर्टिफिकेट नंतर आलं. खुणांना काही वऱ्हाडी-पुणेरी नसतं, पण त्याचं बोलणं माझ्या डोक्यात वऱ्हाडीतच उमटतं.

मी त्याला सांगितलं की मी जागा बघायला निघालेय. कुठे खुर्ची चांगली, कुठे शांतता, अशी यादी केली आहे.

तो म्हणाला, "तू सोताच्या सोयीनं पाहून राह्यली. पाह्यचं तर आमाले असते. जिथं जाशीन तिथून मले कॉल लाव. मी सांगतो दिसते का नाई."

चौदा वर्षं या कामात असून मला हे सुचलं नव्हतं.

पहिली जागा स्पर्धा परीक्षेच्या पोरांची अभ्यासिका. टेबलं, दिवे, टाचणी पडली तर ऐकू यावी अशी शांतता. तिथल्या व्यवस्थापक बाईंना मी काम समजावून सांगितलं.

"हातानंच बोलता ना मग? चालते," त्या म्हणाल्या.

"पेशंटशी हाताने, पण डॉक्टरांशी तोंडाने."

"मग नाई चालत. इथं खोकलं तरी पोरं वळून पाह्यतात."

गजूभाऊला कॉल लावायची वेळच आली नाही.

दुसरी जागा खरीखुरी कोवर्किंग स्पेस. म्हणजे एकच मोठं ऑफिस, त्यात वेगवेगळ्या कंपन्यांची माणसं आपापलं टेबल भाड्याने घेऊन बसतात. नागपूर रोडला नवीनच सुरू झालेली. मालक निखिल, तिशीतला, पुण्यात सात-आठ वर्षं नोकरी करून परत आलेला. एसी, कॉफी मशीन, भिंतीवर केळीच्या पानांची चित्रं आणि दोन काचेच्या केबिन. खुर्चीत बसले तर पाठीला इतकं बरं वाटलं की मी मनातल्या मनात होकार देऊन टाकला.

गजूभाऊला कॉल लावला. त्याने कपाळाला आठ्या घातल्या.

"हात काये ठिक्कर दिसते. बोटं मोजता येत नाई."

माझ्या मागे मोठी खिडकी होती. उजेड मागून येत होता, त्यामुळे पुढचे हात सावलीत. निखिल तत्परतेने आला, आम्ही टेबल फिरवलं, आता उजेड समोरून आला. मग मागे काच आली आणि काचेपलीकडे टेबलावरची माणसं. दोघं-तिघं काम थांबवून माझ्या हातांकडे बघत होते. दवाखान्याचं बोलणं खाजगी असतं. वर्ध्यात सांकेतिक भाषा समजणारे थोडे, पण थोडे आहेत म्हणून नियम बदलत नाही.

"काचेला धुरकट फिल्म लावून देतो मॅडम," निखिल म्हणाला. "उद्या."

त्याने खरंच दुसऱ्या दिवशी फिल्म लावली. मी अकरा वाजता पुन्हा गेले. या वेळी सगळी टेबलं भरलेली, जो तो मीटिंगमध्ये. कॉल लावला.

गजूभाऊ म्हणाला, "तुटून तुटून येते. तू तीन खुणा केल्या असशीन, मले दोन दिसल्या."

निखिलने फोनवर स्पीड काढून दाखवला. "हे बघा ना, किती भारी येतंय."

तो आकडा डाउनलोडचा होता. डाउनलोड म्हणजे बाहेरून आपल्याकडे येतं ते, सिनेमा बघायला लागतं ते. अपलोड म्हणजे आपल्याकडून बाहेर जातं ते. माझे हात बाहेर जायचे असतात. घरी त्या दिवशी मला बाई दिसत होत्या आणि मी त्यांना दिसत नव्हते, ते याच कारणाने. बहुतेक ठिकाणी अपलोड कमी असतं आणि ते कुणी विचारतही नाही. निखिलच्या ऑफिसमध्ये पंधरा-वीस माणसं एकाच वेळी तेवढ्याशा अपलोडवर बोलत होती.

"आणि लाइन गेली तर?" मी विचारलं. "मेन स्विच बंद करून दाखवता का एकदा?"

"अहो, सगळे कॉलवर आहेत. जनरेटर आहे आपल्याकडे. दोन मिनिटंसुद्धा लागत नाहीत. तुम्ही कॉफी घ्या."

दोन मिनिटं. डॉक्टरांसमोर बसलेल्या माणसाला दोन मिनिटं काय असतात ते मी नुकतंच पाहिलं होतं. निखिल माणूस चांगला. म्हणाला, इंटरनेटची दुसरी लाइन मागवली आहे, महिनाभरात येईल. माझ्याकडे महिना नव्हता, पाच दिवस होते. तरी सांगते, मी ती जागा घेणारच होते. रिकाम्या हाताने परत जायचा कंटाळा आला होता आणि ती खुर्ची डोळ्यांसमोरून हलत नव्हती. गजूभाऊला म्हटलंसुद्धा, "चालवून घेऊ."

तो म्हणाला, "तुले चालते. त्या पेशंटले विचार चालते का." आणि कॉल बंद केला.

त्याच संध्याकाळी मुलीला शाळेच्या फॉर्मसाठी फोटो हवे होते. आम्ही बाजारातल्या देविदासभाऊंच्या फोटो स्टुडिओत गेलो. देविदासभाऊ साठीचे, माझ्या लग्नाचे फोटोही त्यांनीच काढलेले. मुलगी आतल्या खोलीत स्टुलावर बसली. मागे राखाडी पडदा, समोरून दोन बाजूंनी मऊ उजेड, खिडकी नाही, दार जाड. ते तिला हनुवटी वर कर म्हणत होते आणि मी तिच्या हातांकडे बघत होते. मांडीवर ठेवलेली दहाही बोटं वेगवेगळी दिसत होती.

"भाऊ, ही खोली दिवसा रिकामी असते का?"

"आता फोटोले येतेच कोण ताई? पासपोर्टवाले येतात, आन् लग्नाचे जोडपे संध्याकाळी. काऊन?"

मी काम सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. बाहेरच्या खोलीत आधीच दोघं बसत होते. पल्लवी नावाची एक बाई लग्नाचे अल्बम डिझाइन करायची आणि एक निवृत्त कारकून लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचे. तिघांनी मिळून भाडं वाटून घेतलेलं. पाटी नव्हती, पण कोवर्किंग स्पेस म्हणजे दुसरं काय असतं?

"इंटरनेट कसं आहे?" मी विचारलं.

उत्तर पल्लवीने दिलं. "डाउनलोडचं माहीत नाही ताई, अपलोड जबरदस्त आहे. अल्बमच्या फाइली केवढ्या मोठ्या असतात, रोज नागपूरच्या प्रेसला पाठवाव्या लागतात. म्हणून मुद्दाम ती लाइन घेतली."

मी मुलीला तिथेच थांबवलं आणि गजूभाऊला कॉल लावला. त्याने डोळे बारीक केले, मला उलटसुलट दहा-बारा शब्द करायला लावले. "हिरवी साडी काढून साधी नेस, हात उठून दिसतीन," म्हणाला. बाकी खोट काढली नाही. त्याच्याकडून हे बरंच झालं.

आता शेवटची गोष्ट. मी जरा बिचकतच म्हटलं, "भाऊ, एकदा मेन स्विच बंद करता का?"

देविदासभाऊंनी 'कशाला' विचारलं नाही. पल्लवीला म्हणाले, "सेव्ह कर वं," आणि उठून खटका खाली ओढला.

पंखा थांबला. दिवे चालू राहिले, कॉम्प्युटरही. ते यूपीएसवर होते. यूपीएस म्हणजे बॅटरीचं खोकं, वीज जाताच क्षणाचाही खंड न पडू देता मशीन चालू ठेवणारं. पण माझा कॉल तुटला.

मला एकदम थकवा आला. वाटलं, पुण्याची बॅग भरावी.

देविदासभाऊ मात्र खाली वाकले आणि राउटरपासून वायर हाताने चाचपत निघाले. राउटर चालू होता. वायर भिंतीच्या कडेने बाहेर शटरपाशी गेली. तिथे बाहेरून येणारी इंटरनेटची तार ज्यात शिरते ती छोटी पांढरी डबी होती, आणि ती दुकानाच्या पाटीच्या दिव्याबरोबर साध्या प्लगला लावलेली होती. तीच बंद पडली होती.

"चार वर्षं झाले, माह्या ध्यानातच नाई आलं," ते म्हणाले. "लाइन गेली का नेट जाते, मी चहा प्याले जातो. मले वाटे असंच राह्यते."

एक लांब एक्स्टेंशन काढून त्यांनी ती डबी यूपीएसला जोडली. खटका वर केला, कॉल पुन्हा लागला. त्यांनी दुसऱ्यांदा खटका ओढला. मी हात तसेच ठेवून पंख्याकडे बघत राहिले. पाती हळूहळू थांबली.

पडद्यावर गजूभाऊ वैतागला होता. "काऊन थांबली? बोल ना. वर काय पाहून राह्यली?"

तिकडे काहीच तुटलं नव्हतं. मी त्याला सांगितलं की लाइन गेली आहे. त्याला ते खरं वाटेना. मी कॅमेरा पंख्याकडे वळवला, तेव्हा हसला.

पासपोर्ट फोटोवाल्यांचं काय, हा प्रश्न उरला होता. देविदासभाऊंनी बाहेरच्या भिंतीवर पांढरं कापड ताणलं आणि स्टूल तिथे नेलं. दहा ते दोन आतली खोली माझी, संध्याकाळी त्यांची, असं ठरलं.

दोन दिवसांनी तपासणी झाली. मीनल मॅडमसोबत आमच्या ऑफिसातले तपासनीस होते, तेही कर्णबधिर. त्यांनी कॅमेरा खोलीभर फिरवायला लावला, दाराची कडी लावून दाखवायला सांगितली, भराभर बोटांनी शब्दांची स्पेलिंगं करून घेतली. मग हातांनी विचारलं, "पडदा आणि लाइट कुणी बसवले? आमच्या सेंटरलाही असे नाहीत." मी म्हटलं, लग्नाच्या फोटोवाल्यांनी. मीनल मॅडम फक्त म्हणाल्या, "सोमवारपासून दवाखान्याचे कॉल घे."

घरी येऊन मुलीला सांगितलं. ती "बरं" म्हणाली आणि पुस्तकात डोकं घातलं. त्या दिवशी तिने जेवताना दोन पोळ्या जास्त खाल्ल्या, एवढं मी पाहिलं.

सोमवारी पहिला कॉल एका म्हाताऱ्या बाबांचा होता. शुगरच्या गोळ्या कशा घ्यायच्या ते डॉक्टर समजावत होते: ही जेवणाआधी, ही जेवल्यावर, ही आता अजिबात घ्यायची नाही. अर्ध्यात माझ्या मानेवरून घाम ओघळला. वर पाहिलं नाही, पण पंखा थांबल्याचं कळलं. दाराबाहेर कोणी तरी "गेली वाटते लाइन" म्हणालं. मी खूण पूर्ण केली. बाबांनी ती जशीच्या तशी करून दाखवली, शेवटच्या 'नाही'सकट. कॉल संपल्यावर मी पाच मिनिटं तशीच बसून राहिले. घामाने पदर भिजला होता आणि मला फार बरं वाटत होतं.

आता ओळखीचं कोणी ऑनलाइन कामासाठी जागा शोधत असेल तर मला विचारतं. मी सांगते, खुर्चीवर बसून बघा, कॉफी पिऊन बघा, काही हरकत नाही. मग आपल्या एखाद्या माणसाला कॉलवर पलीकडे बसवा आणि मालकाला मेन स्विच बंद करायला सांगा. यूपीएस, इन्व्हर्टर, जनरेटर काय आहे ते त्यानंतर विचारलं तरी चालतं.