बटणावरची टिकली

सावित्रीबाई परभणीकडून लग्न होऊन काळेवाडीत आल्या, त्याला वर्षही झालं नव्हतं, तेव्हाचं हे भांडण. त्या आत भाकऱ्या थापत होत्या आणि पत्र्याच्या भिंतीपलीकडे त्यांचे मालक दत्तोबा आणि भजनात पेटी वाजवणारे नानासाहेब एकमेकांवर चढले होते.

"आमच्या देवळात पट्टी पांढरी चारच," नानासाहेब म्हणाले. "आज्यापास्नं चालत आलीय. उतरायची न्हाई."

"मंग आज्यालाच बोलवा गायला! माझा गळा फाटायलाय, दिसंना का तुमाला?"

"फाटतोय तर घरी बसा, राव."

दत्तोबा खरंच घरी बसले. पस्तीस वर्षं कंपनीत प्रेस चालवली, पण भजनाला पुन्हा गेले नाहीत. मोरीत अंग धुतानासुद्धा कधी गुणगुणले नाहीत. पेटी दोन बोटं खाली सरकवली असती तर काय बिघडलं असतं, हा प्रश्न सावित्रीबाईंच्या मनात तेव्हापासून होता आणि दत्तोबा गेल्यावरही राहिला.

मग नात पिंकी गायला लागली, आणि तेही इटलीचं. तेजस्विनी टीचर पुण्यात सहा वर्षं ते गाणं शिकलेल्या. काळेवाडीत व्यायामशाळेच्या वरच्या खोलीत त्यांनी शनिवार-रविवार क्लास काढला. पाच-सहा पोरी, कुणाचा बाप टर्नर, कुणाचा वेल्डर, आणि वहीत इटलीचे शब्द आपल्या बाळबोध अक्षरात. खोलीची किल्ली सावित्रीबाईंकडे. सगळ्यांच्या आधी जायचं, झाडायचं, सतरंजी अंथरायची, कीबोर्ड पुसायचा आणि वायर लावून चालू करून ठेवायचा. टीचर आल्या की थेट वाजवायला बसत.

"ह्या गाण्यातली बाई एवढं रडती कशाला?" सावित्रीबाईंनी एकदा टीचरना विचारलं.

"आजी, तिचा माणूस परत येणार नाही, हे कळलंय तिला."

"आणि मग पुन्हा पहिल्यापासून तेच गाती?"

"तशीच रीत आहे या गाण्याची."

"आमच्या शेजारच्या शालनबाईसारखंच की," सावित्रीबाई म्हणाल्या, आणि पोरी हसून लोळल्या.

पण वरच्या सुरांना पिंकीच्या मानेच्या शिरा फुगत. सावित्रीबाईंना ते बघवत नसे. एका शनिवारी कीबोर्ड पुसताना फडक्याखाली कुठलंसं बटण दाबलं गेलं आणि सगळे सूर खाली उतरले. त्या दिवशी पिंकी अशी गायली की टीचर वाजवायच्या थांबल्या. "आज किती मोकळा लागला गं गळा!"

सावित्रीबाईंनी बटण हुडकून काढलं. एकदा दाबलं की एक पायरी खाली. कीबोर्ड बंद केला की पुन्हा होतं तिथं. म्हणजे दर वेळी दाबायचं, तीनदा. खूण म्हणून त्यांनी त्यावर पिंकीच्या पाकिटातली एक टिकली लावली.

"ही कशाला, आजी?"

"दृष्ट लागू नये म्हणून."

टीचर हसल्या. त्यांचा कान सुरातलं अंतर केसाइतकं ओळखायचा, पण अख्खी पेटीच उतरली असेल हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं. असं पाच वर्षं चाललं.

यंदा पुण्यातल्या एका संगीतशाळेत चाचणी होती. नवनाथ, पिंकीचा बाप, साफ म्हणाला, "निवड झाली तर शीक. न्हाई झाली तर चाकणच्या कंपनीत नाव घातलंय मी. पुन्हा गाण्याचा विषय नको."

चाचणीला आत मोठा काळा पियानो होता. सावित्रीबाई दाराबाहेरच्या बाकावर बसल्या होत्या. पहिले दोन सूर वाजले आणि त्या उभ्या राहिल्या. चढी पट्टी. पूर्ण तीन पायऱ्या. दाराच्या फटीतून त्यांनी पियानो न्याहाळला. त्याला बटण नव्हतं.

गाण्यातली ती बाई जिथं आपल्या माणसाला शेवटची हाक मारते, तिथं पिंकीचा आवाज चिरकला. पुन्हा पहिल्यापासून गायची रीत होती, म्हणून तिथं पुन्हा चिरकला. परीक्षकांनी गोड बोलून आभार मानले.

बसमध्ये पिंकी म्हणाली, "आज्जी, ते लोक एवढं चढं का वाजवत होते?"

"चढं नव्हतं, बाई. तेच खरं होतं." आणि सावित्रीबाईंनी टिकलीचं सगळं सांगितलं.

चिंचवड आलं तशी पिंकीनं गाण्याची वही पिशवीत तळाशी सारली. मग म्हणाली, "टीचरला सांगू नको."

"कामून?"

"पाच वर्षं खालच्या पट्टीत शिकवलं हे कळलं तर त्या पुन्हा कुणाला शिकवायच्या नाहीत."

पिंकी चाकणला लागली. पहाटे कंपनीची बस येते. लाईनवर मशिनींचा एवढा गोंगाट की शेजारणीशी बोलायचं तरी ओरडावं लागतं. टीचरनी गळा जपायला बजावलं होतं म्हणून पाच वर्षं जी पोर भाजीवाल्यालाही मोठ्यानं हाक मारत नव्हती, तिचा आवाज दिवाळीपर्यंत बसला. आता ती घरी फारसं बोलत नाही. मोरीतून नुसता पाण्याचा आवाज येतो.

आणि टीचर खचायच्या त्या खचल्याच. "आजी, मीच कुठंतरी कमी पडले," त्या म्हणाल्या. सावित्रीबाईंच्या जिभेवर आलं होतं, पण पोरीला शब्द दिला होता. टीचरनी आपल्या नोकरीत बंगळूरला बदली मागून घेतली. खोली पार्सलवाल्यांना गोदामासाठी ठरली.

शेवटच्या रविवारी दोनच पोरी येणार होत्या. त्यातली दिव्या नऊ वर्षांची, वरचा सूर आला की टाचा उचलणारी. सावित्रीबाई सगळ्यांच्या आधी गेल्या. झाडून काढलं, सतरंजी अंथरली, कीबोर्ड पुसला, वायर लावली. टिकलीचा रंग उडाला होता. त्यांचं बोट थोडा वेळ तिथंच थांबलं. चाचणीला जायचं तर आता कुणालाच नव्हतं.

एकदा, दोनदा, तीनदा दाबलं. मग खिडकी उघडली आणि पोरींच्या चपलांसाठी दाराशी पोतं अंथरलं.